ओरिजिनल की रीइश्यू?

नागपुरात रेकॉर्ड जमवणाऱ्याचे दोन वैरी: ऊन आणि कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की बंद कारमध्ये राहिलेली एलपी पापडासारखी वळते. घरात सांभाळावी तर कूलरच्या ओलीने कव्हरला बुरशी धरते. या दोघांतून तगून इतवारीतल्या कबाड्याकडे पोचलेली रेकॉर्ड ‘ओरिजिनल प्रेसिंग’, म्हणजे पहिल्या खेपेची, म्हणून भक्तिभावाने घ्यायची, की गुमान नवी रीइश्यू, म्हणजे त्याच ध्वनिमुद्रणाची नव्याने काढलेली रेकॉर्ड, मागवायची? कबाड्याला हा प्रश्न पडत नाही. “अजी काका, इतकी जुनी आहे, म्हणजे ओरिजिनलच असंन न!”

तसं नसतं. लेबलाभोवतीची कोरी पट्टी उजेडात तिरपी धरली की कोरलेले आकडे दिसतात, तो मॅट्रिक्स नंबर. रेकॉर्ड कुठल्या साच्यातून निघाली याचा माग त्यावरून लागतो. साच्यावरून साचा काढत शेवटी रेकॉर्ड दाबून काढणारा स्टँपर बनतो. तो झिजला की दुसरा लावतात. खपणाऱ्या रेकॉर्डी अशाच पुन्हापुन्हा निघायच्या, कव्हर तेच ठेवून.

तुलना करायला बसलो की मी सरळ द्रुतवर, म्हणजे ख्यालाच्या शेवटच्या जलद भागावर, सुई टेकवतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरेच घेते, पण आत जावं तसा फेरा लहान होतो. लेबलाजवळची रेघ सुईखालून कडेच्या निम्म्याहूनही कमी वेगाने सरकते. म्हणजे सुरुवातीचं संथ विलंबित ऐसपैस, आणि तानांची सगळी गर्दी नेमकी अडचणीच्या जागी! ख्यालाचं आणि एलपीचं हे कधी जमलंच नाही. ओरिजिनलमध्ये ते जास्त जाणवतं, कारण आधीच्या मालकालाही द्रुतच आवडत असणार. जड सुईने तेवढाच भाग खरवडून ठेवलेला असतो. इथे रीइश्यू बाजी मारते, फक्त ती मूळ टेपवरून केलेली हवी. नव्या जाडजूड रेकॉर्डींच्या १८० ग्रॅम वजनाला मी भुलत नाही. सीडीच्याच फाइलवरून कापलेली रीइश्यू घ्यायची तर सीडी काय वाईट? एके काळी तर मोनो ध्वनिमुद्रणावर नकली स्टीरिओ चढवून विकायचे. खर्ज एका कानात, टीप दुसऱ्यात. त्यापेक्षा खरखर परवडली.

आणि तरी माझे पैसे ओरिजिनलवरच जास्त जातात, ते कव्हरच्या पाठीमुळे. कुठे शाईपेनने ‘शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट’, कुठे खोडलेली जुनी किंमत. एका कव्हरवर तर छापलेल्या ‘पूरिया’पुढे कुणीतरी पेन्सिलने ठसठशीत प्रश्नचिन्ह काढून ‘मारवा’ लिहिलंय. जाणकार असेल, नाहीतर नुसता भांडखोर. सूर दोन्ही रागांचे तेच, त्यामुळे शंका रास्त. पण मी ती बाजू लावून लावून ऐकली. गवई गंधार-निषादावर ठाण मांडून बसलाय, रिषभ-धैवताला फारसं विचारतच नाही. पूरियाच आहे तो.