कोणती फॅकल्टी?

बडोद्यात रिक्षावाल्याला "युनिव्हर्सिटी" एवढंच सांगून भागत नाही. तो मान वळवून विचारतो, "कई फॅकल्टी?" मला हे ठाऊक नव्हतं. नाशिककडच्या माणसाच्या डोक्यात विद्यापीठ म्हणजे एक मोठी कमान, तिच्यावर नाव, आत लांबलचक रस्ता. मी कमानच शोधत होते.

भाचीला फाइन आर्ट्सला जायचंय. प्रवेशपरीक्षेच्या आधी एकदा जागा बघून येऊ, असं ठरलं आणि नाशिकहून सापुतारा-सुरतमार्गे रात्रीच्या बसने आम्ही दोघी निघालो. तिच्या मांडीवर दहावी-बारावीच्या मार्कशीटा आणि सगळे दाखले भरलेली फाइल होती. ती तिने झोपेतही सोडली नाही. बहिणीने बजावलंच होतं तसं.

दांडिया बाजारात माझी आत्या राहते. लग्न होऊन ती बडोद्याला गेली, त्यालाही आता पंचेचाळीस वर्षं झाली. तिची मराठी ऐकायला मला फार आवडते. "तडक्यात फिरू नका गं, अकराच्या आत जाऊन या. आणि नाही फावलं तर सरळ घरी." तडका म्हणजे ऊन. भाचीला वाटलं फोडणीबद्दल चाललंय.

आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, म्हणाले, "आधी माझं कलाभवन बघा, मग बाकीचं." इथल्या जुन्या लोकांचं असंच आहे. कोणी 'मी एमएस युनिव्हर्सिटीचा', म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा, असं म्हणत नाही. मी कलाभवनचा, ती होमसायन्सची, तो कॉमर्सचा. पुढे मग 'आपली युनिव्हर्सिटी' सगळ्यांची मिळून.

घरातून चालत निघालो. सूरसागर तलावाच्या मधोमध शंकराचा उंच पुतळा आहे आणि काठावर संगीताची फॅकल्टी, म्हणजे बडोदेकरांचं 'म्युझिक कॉलेज'. गायक मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या पाठिंब्याने इथे गायनशाळा काढली. गाणं गुरूच्या घरी पाणी भरून शिकायचं, त्या काळात ते शाळेत, फळ्यावर स्वरलिपी लिहून शिकवायचं ठरलं. रस्त्यावरून आत डोकावलं तर कुठल्याशा खोलीत तबल्यावर एकच बोल पुन्हा पुन्हा चालला होता. चुकतही होता. बरं वाटलं.

कलाभवन तिथून जवळच. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने ते उभं केलं. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रं, चित्रकला असं सगळं एका छपराखाली, आणि शिकवायचं ते मुलांच्या भाषेत, हा गज्जरांचा आग्रह. आज त्याच ठिकाणी विद्यापीठाची टेक्नॉलॉजीची फॅकल्टी आहे. गंमत अशी की आता सगळ्या विद्यापीठाचं माध्यम इंग्रजी आहे. काकांना यात काही वावगं वाटत नाही, मला थोडं वाटतं. पण त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे: इंग्रजीमुळेच बाहेरची मुलं इथे येतात. आमची भाचीही त्यातलीच.

"इथे कोण शिकलं माहितीये?" काकांनी भाचीला विचारलं. तिने मोबाइल काढायच्या आत मीच सांगितलं: दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरचा मुलगा, आधी मुंबईला जे. जे.मध्ये आणि मग इथे. चित्रकला आणि फोटोग्राफी त्यांनी याच कलाभवनात हाताखालून घातली. नाशिककर म्हणून मी जरा छाती फुगवली, तर काकांनी लगेच बडोद्याचं पारडं जड केलं. म्हणाले, कारखाने बघ. १९०७ साली अलेंबिक निघाली, तीही गज्जर, कोटीभास्कर आणि अमीन या तिघांकडून. हे अमीन आणि कोटीभास्कर गज्जरांचेच शिष्य. औषधं आणि रसायनांचं शहर म्हणून आज बडोद्याचं जे नाव आहे, त्याची एक मुळी या आवारात आहे. एका मास्तराच्या प्रयोगशाळेतून कारखाना निघतो, ही गोष्ट मला घुमटांपेक्षा मोठी वाटते.

पण घुमट बघायला हवाच. कोठीवरून विश्वामित्रीचा पूल ओलांडला. या नदीत मगरी आहेत, भर शहरात. भाची पुलावर दहा मिनिटं रेलून उभी होती, एकही दिसली नाही. पुढे काळा घोडा, म्हणजे घोड्यावर बसलेले सयाजीराव, आणि मग स्टेशनच्या अंगाला आर्ट्स फॅकल्टी.

हेच मूळचं बडोदा कॉलेज, १८८१ सालचं. इमारत रॉबर्ट चिझम या वास्तुकाराची. रंगीबेरंगी विटांचं काम, कमानी, जाळ्या आणि या सगळ्यावर विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा प्रचंड घुमट. देशातला दुसऱ्या नंबरचा घुमट हाच, असं आम्हाला त्या दिवसात तीन जणांनी सांगितलं, मोजायला कोणी गेलेलं दिसलं नाही. आत मात्र मान आपोआप वर जाते. खाली मुलं परीक्षेच्या वेळापत्रकाचे फोटो काढत होती आणि त्यांची कुजबूज वर जाऊन गोल फिरून परत येत होती.

या कॉलेजात अरविंद घोष शिकवायचे. इंग्लंडहून परतल्यावर १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षं ते बडोदा संस्थानच्या नोकरीत होते, त्यातली बरीचशी इथे इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून. ते राहायचे ते खासेराव जाधवांचं घर आत्याच्या घरापासून हाकेवर आहे. आणि याच कॉलेजात विनायक नरहर भावे नावाचा एक मुलगा होता. १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला तो मुंबईच्या गाडीत बसला, सुरतला उतरला आणि काशीला निघून गेला. विनोबा. त्याआधी त्याने आपली सर्टिफिकेटं घरच्या चुलीत घातली होती.

भाचीने फाइल दुसऱ्या हातात घेतली.

हे सगळं जमवणारा माणूस आमच्याकडचा, म्हणून मला इथे फिरताना एक वेगळंच कौतुक वाटत होतं. माझं माहेर मालेगावजवळचं. कवळाणे त्याच तालुक्यात. तिथला गोपाळ नावाचा बारा वर्षांचा, अक्षरओळख नसलेला मुलगा १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव झाला. "इथे कशाला आलास?" यावर "राज्य करायला" असं तो म्हणाला, ही गोष्ट आम्ही लहानपणी इतक्यांदा ऐकलीय की ती खरी असो-नसो, आता आमचीच झालीय. त्या मुलाने १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. विद्यापीठ मात्र त्यांच्या हयातीत झालं नाही. ते १९३९ ला गेले, नातू प्रतापसिंहरावांनी आजोबांच्या नावाने विश्वस्तनिधी केला आणि १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं. म्हणजे कॉलेज, कलाभवन, गायनशाळा हे सगळं आधी, विद्यापीठ नंतर. शहरात जागोजागी लावलेल्या झाडांना मागाहून एक कुंपण घालावं तसं. पण कुंपणसुद्धा कागदावरच, म्हणून तर कमान सापडत नाही!

पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. सहशिक्षण असलेल्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी भारतात बाई बसली ती पहिल्यांदा इथे. बडोद्याच्या दिवाणांची ही लेक संयुक्त राष्ट्रांत भारताकडून गेली होती आणि मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमातलं 'ऑल मेन' काढून 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' घालायला त्यांनी लावलं. विद्यापीठाच्या मुख्य ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. एका शब्दासाठी अडून बसणाऱ्या बाईचं नाव ग्रंथालयाला, हे मला फार नेमकं वाटलं.

सायन्सची बाजू आम्ही रिक्षातूनच पाहिली. व्यंकटरामन रामकृष्णन इथून १९७१ ला फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले आणि २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते केमिस्ट्रीचं. पेशीतल्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल. ओरिएंटल इन्स्टिट्यूटला जायचं राहिलं, त्याची मात्र चुटपुट लागलीय. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथे झाली. देशभरातल्या पोथ्या ताडून बघत १९७५ पर्यंत सातही कांडं पुरी केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारत केलं आणि बडोद्याने रामायण, हे आपण मराठी माणसं अर्धंच लक्षात ठेवतो.

फाइन आर्ट्स. इथे आम्ही चार तास होतो, त्यामुळे आत्याच्या अकराचे तीन वाजले. १९५० ची ही फॅकल्टी. बाकी ठिकाणी चित्रकलेचा डिप्लोमा असायचा, इथे पदवी द्यायचं ठरलं, म्हणजे चित्र काढणाऱ्याने कलेचा इतिहासही वाचायचा. इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे शिकवायला आले, शिल्पकलेला शंखो चौधरी, पुढे के. जी. सुब्रमण्यन. भूपेन खख्खर मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट, तेही इथे येऊन राहिले. हे सगळं मी भाचीला सांगत होते आणि ती ऐकत नव्हती. ती बघत होती: झाडाखाली अर्धवट टाकून दिलेला दगडाचा पाय, भिंतीला टेकवलेले कॅनव्हास, ग्राफिक्सच्या खोलीतून येणारा शाईचा वास, हाताला कोपरापर्यंत माती लागलेली एक मुलगी चहा पिताना. तिने त्या मुलीला विचारलं, "रोज एवढी घाण होते?" ती म्हणाली, "आज कमी आहे." मुलगी सांगलीची निघाली.

इथल्या विद्यार्थ्यांचा गरबाही बडोद्यात प्रसिद्ध आहे. तिकडच्या मोठ्या मैदानांवरचा भोंग्यांचा गोंगाट नाही, मुलंच गातात. नवरात्रात बघायला ये, असं सांगलीकरणीने बोलावलंय. आधी प्रवेश तर मिळू दे.

संध्याकाळी कमाटी बागेत गेलो. काकांनी संकल्पभूमीवरचा वड दाखवला. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली आंबेडकर कोलंबियाला गेले. १९१७ ला करारानुसार नोकरीसाठी इथे आले तर शहरात एक खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढलं. मग ते या बागेत येऊन बसले. दिवसभर घुमट, ग्रंथालय, नोबेल असं ऐकून झाल्यावर त्या पारावर बसलं की बोलायला काही सुचत नाही. ज्या राजाने कोलंबियाचा खर्च दिला त्याच्याच गावात घरमालक सापडला नाही. काकाही गप्प होते. ते जातील तेव्हा प्रत्येक वेळी इथे पाच मिनिटं बसतात, एवढंच म्हणाले.

परतताना सेव उसळ खाल्ली. उसळ आपली, शेव त्यांची, वर तिखट तरी. भाचीच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने दुसरी प्लेट घेतली. आत्याने बरोबर हिरवा चिवडा बांधून दिला. "बटाट्याचा आहे, लवकर संपवा." आणि भाचीला बाजूला घेऊन म्हणाली, "होस्टेल नाही मिळालं तर आपलं घर आहे ने?"

रात्रीच्या बसला लगेच झोप लागली. मध्ये कुठेतरी दिवे, हॉर्न, फेरीवाल्यांच्या हाका. भाची डोळे चोळत उठली. "मावशी, कुठे आलो?"

"सुरत."

"म्हणजे विनोबा इथेच उतरले?"

"हो. तू बस गप्प. आणि ती फाइल इकडे दे."