तुम्ही विचारलंत म्हणून: मी शिकारकथा का वाचते

"झुरळसुद्धा केरसुणीवर घेऊन बाहेर सोडता, आणि वाचता शिकारीच्या गोष्टी?" हा प्रश्न मला घरात, शेजारी, ग्रंथालयात सगळीकडे विचारला गेलाय. कुणी नवलानं विचारतं, कुणी थोडं रागानं. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

गोळी सुटेपर्यंतच्या थरारात माझा जीव फारसा रमत नाही. गोळी सुटल्यानंतर माणूस काय करतो, ते मला वाचायचं असतं.

रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाची १९२४ सालची 'द मोस्ट डेंजरस गेम' ही कथा मी पुन्हा पुन्हा वाचते. 'गेम' म्हणजे खेळ आणि सावजही. रेन्सफर्ड हा नावाजलेला शिकारी जॅग्वार मारायला बोटीनं निघालाय. त्या जनावराला काय वाटत असेल, असं सोबती म्हणतो, तर हा उडवून लावतो. जनावराला कुठली समज? एक गोष्ट समजत असावी, सोबती म्हणतो, भीती. त्याच रात्री रेन्सफर्ड समुद्रात पडतो आणि पोहत झारॉफ नावाच्या रशियन जनरलच्या बेटावर पोचतो. झारॉफची सगळी जनावरं मारून झाली आहेत. त्यांना विचार करता येत नाही, म्हणून त्याच्या लेखी शिकारीत राम उरलेला नाही. आता तो फुटलेल्या जहाजांवरची माणसं पकडतो, अन्न आणि सुरा देऊन रानात सोडतो आणि तीन तासांनी मागावर निघतो.

हा खून आहे, असं रेन्सफर्ड म्हणतो, तेव्हा झारॉफ त्याला महायुद्धाची आठवण करून देतो. ते युद्ध संपून तेव्हा पाच-सहा वर्षंच झाली होती. आणि हा झारॉफ रानटी मुळीच नाही. माणसाचा माग काढून तो घरी येतो, उत्तम जेवतो आणि मन शांत व्हावं म्हणून मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाचं तत्त्वचिंतन वाचतो. मार्कस ऑरेलियस माझ्याही उशाशी असतो. त्या ओळीपाशी मी दर वेळी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसते.

पण खरी भीती शेवटी आहे. तीन दिवस जीव मुठीत धरून पळालेला रेन्सफर्ड अखेर झारॉफच्या शयनगृहात उभा राहतो. तू जिंकलास, झारॉफ म्हणतो. खेळ संपलाय, पण रेन्सफर्ड थांबत नाही. लढाई कॉनेल दाखवतच नाही. शेवटच्या वाक्यात इतकंच कळतं, की इतक्या छान बिछान्यावर रेन्सफर्ड आजवर कधी झोपला नव्हता. भीती म्हणजे काय हे आता त्याला पुरतं कळलंय, आणि तरी त्याला गाढ झोप लागते. ती झोप मला झारॉफच्या बंदुकीहून भयंकर वाटते.

अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन लेखकाच्या १९३६ सालच्या कथेत फ्रान्सिस मॅकोम्बर शिकारीला जातो, तेव्हा सिंह जखमी होऊन गवतात शिरतो. त्याला तिथंच सोडून गेलं तर, असं मॅकोम्बर विचारतो. हेमिंग्वे आपल्याला त्या सिंहाच्या मनातही नेतो, म्हणून तो प्रश्न फार लागतो. असं सोडून दिलेलं जनावर पुढं काय करतं, याचं उत्तर नरभक्षक वाघांचा शिकारी जिम कॉर्बेट यानं कुमाऊंतल्या चंपावतला पाहिलं. १९०७ साली त्यानं मारलेल्या वाघिणीनं, त्याच्या नोंदीप्रमाणे, ४३६ माणसं मारली होती. तिचे उजवीकडचे वरचा आणि खालचा सुळे जुन्या गोळीनं तुटलेले होते. नेहमीचं सावज तिला धरता येईना. ती गोळी झाडणाराही त्या रात्री घरी जाऊन जेवलाच असेल.

आमच्या आजोळी कोकणात ओटीवर सांबराची शिंगं होती. त्यांना टोप्या अडकवलेल्या असत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी आजोबा शिकारीला जात. हाकारे, ठासणीची बंदूक, काळोखात चमकलेले डोळे, सगळं ते रंगवून सांगत. त्यांच्यावर माझा फार जीव होता, अजूनही आहे. एका गोष्टीत रानडुकराला गोळी लागली, रक्ताचा माग ओढ्यापर्यंत गेला आणि अंधार पडला म्हणून सगळे परतले.

"मग ते कुठं गेलं?" मी विचारलं.

"रानात," आजोबा म्हणाले. "चल, ऊठ. पानं वाढलीत."