राणीच्या बागेतल्या म्युझियममध्ये भूत आहे का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय दाखवायला मी पाहुण्यांना, शेजारच्या मुलांना, शाळेच्या सहलींना नेत असते. त्यातलं कुणी ना कुणी जिन्यापाशी रेंगाळतं आणि आवाज खाली आणून विचारतं, ‘इथे रात्रीचं काहीतरी फिरतं म्हणे, खरं का हो?’ मला तिथे भूत दिसलेलं नाही आणि असेल असं वाटतही नाही. पण हा प्रश्न मला मनापासून आवडतो. इमारत कुठल्या शैलीची, हे कुणी विचारत नाही. इथे कोण मेलं, हे सगळ्यांना हवं असतं. आणि त्या वाटेनं गेलं की खरोखरच हाती बरंच लागतं.

सगळ्यांत जास्त सांगितली जाते ती गोष्ट अशी, की ही जागा मुळात स्मशानाची. मुंबईत जुन्या इमारतीबद्दल हे हटकून म्हणतात. इथे घडलं ते नेमकं उलटं. शिवडीला अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची, म्हणजे शेती-बागायतीसाठी काम करणाऱ्या संस्थेची, बाग होती. 1860 च्या दशकात ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बागेचं काम भायखळ्याला, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत आलं. बागेची दफनभूमी झाली ती शिवडीला. भायखळ्याला बागच आली. ही माहिती सांगितली की ऐकणाऱ्यांचे चेहरे जरा उतरतात, पण शिवडीच्या त्या दफनभूमीतली मोठमोठी झाडं पाहिलीत तर तिच्या आधीची बाग आजही कळते.

दुसरी गोष्ट मधल्या दालनातल्या पुतळ्याची. आत शिरलं की समोरच पांढराशुभ्र संगमरवरी प्रिन्स अल्बर्ट उभा. त्याची नजर माणसाबरोबर फिरते, असं मुलं एकमेकांना सांगतात. हा व्हिक्टोरिया राणीचा नवरा. त्याने मुंबई कधी पाहिली नाही. संग्रहालयाची पायाभरणी 1862 साली झाली, तेव्हा तो जाऊन वर्षही झालं नव्हतं. मॅथ्यू नोबल या शिल्पकाराकडून हा पुतळा करवून घेण्याचा खर्च मुंबईतले बडे व्यापारी डेव्हिड ससून यांनी उचलला. संग्रहालयाला नाव मिळालं ते ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’. म्हणजे आरंभापासूनच ही वास्तू एका मेलेल्या माणसाच्या आठवणीची होती.

आता पुढचं ऐका, कारण मला खरं सांगायचं आहे ते हे. इमारत उघडली 2 मे 1872 रोजी. मधली दहा वर्षं कशात गेली? अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडून इंग्लंडला जाणारा कापूस बंद झाला होता आणि मुंबईत कापसाचा पैसा नुसता वाहत होता. त्या पैशाच्या भरवशावर वर्गणी जमली आणि काम सुरू झालं. 1865 मध्ये युद्ध थांबलं, कापसाचे भाव कोसळले, शेअर बाजार बुडाला आणि कालचे लखपती रस्त्यावर आले. वर्गण्या आटल्या, काम रखडलं आणि शेवटी सरकारला पैसा घालावा लागला. त्या दहा वर्षांत ससून वारले, 1864 मध्ये. जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट, ज्यांनी या संग्रहालयासाठी जिवाचं रान केलं, ते 1865 च्या जुलैत गेले. आराखडा ज्यांचा, ते विल्यम ट्रेसी इमारत पुरी होण्याआधीच गेले. ज्यांनी हे स्वप्न पाहिलं त्यांच्यातले इतके जण तिच्या दारातून आत आलेच नाहीत. ओतीव लोखंडाचे ते खांब आणि वरच्या सज्जाचे नक्षीदार कठडे पाहताना मला दरवेळी ही माणसं आठवतात.

रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांच्या नावावर खपणाऱ्या गोष्टी आवाजांच्या असतात. जिन्यावर पावलं वाजतात, वरून कुणीतरी चालतं, दूरवर कुणी विव्हळतं. एवढं लोखंड दिवसभर तापलं आणि रात्री निवलं की ते आकसणार आणि कुरकुरणार. आणि भिंतीपलीकडे प्राणिसंग्रहालय आहे! रात्री मोर केकाटले, वाघाने आवाज दिला, तर बंद दालनात तो कसा घुमत असेल, याची कल्पना करा. त्यात लालबाग-परळची माणसं बहुतेक कोकणातली. गिरणीत पाळी करायला येताना त्यांनी आपले मुंजे, समंध, चकवे बरोबर आणले. माझी आजी गावच्या देवचाराबद्दल बोलायची तीही आदरानं. हातात काठी घेऊन रात्री हद्द राखणारा, भल्या माणसाला घरापर्यंत सोडणारा. या गोष्टी घाबरवण्यापुरत्या नव्हत्या, जागेची राखण करायला होत्या.

माझ्या कानावर आलेल्या भुताच्या बहुतेक गोष्टी पडझडीच्या काळातल्या आहेत, हेही सांगायला हवं. तेव्हा छत गळायचं, रंग उडालेले होते, काचेच्या कपाटांत अंधार असायचा. महापालिका, वारसा जपणारी इनटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात 2003 मध्ये करार होऊन जीर्णोद्धार हाती घेतला गेला. 2005 मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार मिळाला आणि 2008 मध्ये संग्रहालय पुन्हा खुलं झालं. छताचं सोनेरी काम परत झळकू लागलं. त्यानंतर जन्मलेली एकही नवी भुताची गोष्ट मला कुणी सांगितलेली नाही. वास्तूची देखभाल सुटली की तिच्याबद्दल काय बोललं जातं, याची नोंद या गोष्टींनी ठेवली आहे, असं मला वाटतं.

बाहेरच्या आवारात मात्र अंगावर काटा येण्यासारखं आहे, आणि तेही भरदिवसा. फोर्टातून हलवलेले इंग्रज साहेबांचे संगमरवरी पुतळे तिथे आहेत, काहींना डोकी नाहीत. कातरवेळी बिनमुंडक्याचा माणूस पाहिल्याच्या गोष्टीचं मूळ मी इथे धरते. ‘काळा घोडा’ म्हणून ओळखला जाणारा पुतळाही बागेतच आला, घोड्याच्या पाठीवर अल्बर्टचा मुलगा सातवा एडवर्ड. बापाचा पुतळा डेव्हिड ससूननी दिला आणि मुलाचा त्यांचे चिरंजीव अल्बर्ट ससून यांनी. संग्रहालयाशेजारीच दगडी हत्ती आहे. पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं ते याच्यावरून. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला, क्रेनची साखळी तुटली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे 1914 मध्ये जोडले गेले. त्याच्या अंगावरचे सांधे दिसतात. मुलांना मी ते हमखास दाखवते.

कुणाचा आत्मा घुटमळत असेल तर कुणाचा, असं फारच खनपटीला बसून विचारलंत तर मी एकच नाव घेईन. भाऊ दाजी. पेडण्याजवळच्या मांद्र्याचा हा मुलगा, मूळ नाव रामचंद्र विठ्ठल लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून 1851 मध्ये डॉक्टर झाला. गरिबांसाठी दवाखाना चालवला, कडू कवठाच्या बियांचं तेल वापरून कुष्ठरोग्यांवर उपचार केले, अजिंठ्याचे शिलालेख वाचले आणि दोनदा मुंबईचा शेरीफ, म्हणजे शहराचा मानाचा अधिकारी, झाला. हे पद मिळवणारा पहिला भारतीय. संग्रहालयासाठी त्यांनी चिटणीस म्हणून राबून पैसा उभा केला. 1865 च्या त्याच बुडीत त्यांचीही संपत्ती गेली. पुढे ते आजारी पडले आणि 31 मे 1874 रोजी वारले. आपण उभारलेली इमारत त्यांना उघडी पाहायला मिळाली ती जेमतेम दोन वर्षं. तिला त्यांचं नाव लागलं ते 1 नोव्हेंबर 1975 ला.

म्हणून मी लोकांना आत नेते तेव्हा अल्बर्टच्या पुतळ्यापाशी पोचण्याआधी दारातच थांबवते आणि भाऊंबद्दल सांगते. भुताचं विचारायला आलेली मुलं मग कडू कवठ कसं दिसतं, ते विचारतात. कोकणातल्या घरात कुणी वडीलधारं असेल तर त्यांना विचारा, असं मी त्यांना सांगते. झाड तिकडे अजून आहे.