पांडवलेणी ते सोपारा, व्हाया कसारा

आम्ही नाशिककर पांडवलेणी चढतो ती पोट कमी करायला आणि उतरल्यावर मिसळ खाऊन ते परत वाढवतो, माझंही वर्षानुवर्षं हेच चाललेलं. मागच्या रविवारी ब्राह्मी शिकणारा भाचा सोबत होता, १० नंबरच्या लेण्यात भिंतीला हात न लावता हवेतच बोट फिरवत एकेक अक्षर लावत होता, मधेच थांबून म्हणाला, "मामा, सोपारा लिहिलंय!"

लेखात होतं ते असं: नहपान हा शक राजा (क्षत्रप), त्याचा जावई उषवदात, त्याने भरुच, दशपूर (आजचं मंदसौर), गोवर्धन (म्हणजे आपल्या नाशिकजवळचंच) आणि शूर्पारक (म्हणजेच सोपारा, मुंबईजवळचं जुनं बंदर) इथे धर्मशाळा बांधल्या, शिवाय तापी, दमणा, डहाणुका वगैरे नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. यातली दमणा म्हणजे दमणगंगा, ती तर आपल्याच जिल्ह्यात उगम पावते. नकाशा डोळ्यासमोर आणा, बंदराकडे जायचा रस्ताच की हा! आणि खरी गंमत पुढे, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे (म्हणजे त्यांच्या संघाकडे) त्याने २००० कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेवले, महिना १ टक्का व्याजाने, म्हणजे वर्षाचे २४०, त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कापडासाठी. चक्क एफडी! तीही मुद्दलाला हात न लावायच्या अटीवर. कोष्ट्यांवर राजाच्या जावयाचा एवढा भरवसा, म्हणजे धंदा जोरात असणार ना.

मग काय, शनिवारी पहाटेच नाशिकरोडहून गाडी, दादरला उतरून विरार लोकल (त्या गर्दीबद्दल न बोललेलंच बरं) आणि नालासोपारा. रिक्षावाल्याला बंदर म्हटलं तर तो माझ्याकडेच बघायला लागला, बुरुड राजाचा कोट म्हटल्यावर चला म्हणाला. कोट म्हणजे विटांचा स्तूप, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत दगडी करंडक सापडला आणि त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. पेरिप्लस या जुन्या सागरी प्रवासवर्णनातल्या ग्रीक खलाशाला हे बंदर सुप्पारा म्हणून माहीत होतं. आता खाडी गाळाने भरलीय, चारी बाजूंनी बिल्डिंगा, जहाज सोडा साधी होडीपण दिसली नाही. तासभर सावलीत बसलो, विटा मात्र मस्त रुंद आहेत.

परतीला कसाऱ्याला गाडी थांबली, घाट चढवायला मागून जास्तीची इंजिनं लावतात तिथे. सोपाऱ्याचा माल याच थळघाटाने वर यायचा. भाचा म्हणाला, "मामा, तेव्हा बैल किती जोडत असतील?" तेवढ्यात मागून धक्का बसला आणि माझा अर्धा चहा शर्टावर.