भडंग मऊ का पडतं? चुरमुरा, तेल आणि तिखटाची वेळ

सांगली, मिरज, जयसिंगपूर या पट्ट्यात भडंग विकत मिळायला काहीच अडचण नाही. तरीही घरी करावं, कारण लसूण हवा तेवढा घालता येतो आणि तेल कुठलं पडलंय ते आपल्याला माहीत असतं. घरचं भडंग बिघडतं ते सहसा मसाल्यामुळे नाही. चुरमुरा पुरता वाळलेला नसतो, नाहीतर तिखट फार तापलेल्या तेलात पडतं.

चुरमुरा जाडा, फुगीर आणि खारा घ्या. भेळेचा हलका चुरमुरा तेल पितो आणि ढवळताना त्याचा चुरा होतो. दुकानात ‘भडंगाचे चुरमुरे’ असं सांगून मागा. भट्टीवर ते तापलेल्या वाळूत फुटतात, त्यामुळे तळाशी थोडी वाळू आणि कणी असतेच. चाळणीने चाळल्याशिवाय कढईकडे नेऊ नका. वाळूचा एक कण दाताखाली आला की पुढची सगळी मेहनत वाया.

मग वाळवण. एप्रिल-मेच्या उन्हात कापडावर पातळ पसरून दोन-तीन तास पुरतात. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर सात-आठ मिनिटं सतत हलवत भाजा, तेही थोडे थोडे घेऊन. ओव्हन असेल तर ११० अंशांवर पंधरा मिनिटं. खूण एकच: निवल्यावर एक चुरमुरा दोन बोटांत दाबा. फुटून पीठ झालं तर तयार, चेपला तर अजून ओल आहे. गरम असताना ही परीक्षा घेऊ नका, कारण कुरकुरीतपणा निवल्यावरच कळतो. ओलसर चुरमुऱ्यावर तेल चढवलं की आतली ओल निघणं अवघड होतं. मग कितीही परतलं तरी ते चिवटच राहतं.

पाव किलो चुरमुऱ्यांना लागणारं साहित्य: शेंगतेल ७० ते ८० मिली, शेंगदाणे १०० ग्रॅम, लसणाच्या वीसेक पाकळ्या, कढीपत्त्याच्या तीन काड्या, ब्याडगीचं तिखट चार चमचे आणि झणझणीत हवं असेल तर संकेश्वरीचं एक, धनेपूड दोन चमचे, जिरेपूड एक, हळद अर्धा चमचा, हिंग पाव चमचा, पिठीसाखर दोन मोठे चमचे, सायट्रिक ॲसिड पाव चमचा. चमचा म्हणजे चहाचा. मीठ चुरमुरा चाखून ठरवा. खारा असेल तर अर्धा चमचा पुरे. हळद सांगलीची, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली असली तरी हात सैल सोडू नका: जास्त झाली की रंग लालाऐवजी पिवळट येतो आणि चवही कडवट होते.

कढीपत्ता आदल्या रात्रीच धुऊन पंख्याखाली वाळवा. लसूण सालासकट हलका ठेचा, पण पाकळ्या साधारण एकाच आकाराच्या निवडा. लहान-मोठ्या एकत्र पडल्या की लहान जळते आणि मोठी आत ओली राहते. ती ओली पाकळी डब्यात गेली की दोन दिवसांत आजूबाजूचे चुरमुरे मऊ पडतात.

मध्यम तापलेल्या तेलात आधी शेंगदाणे तळा. साल तडकून आतला दाणा फिकट बदामी झाला की झाऱ्याने काढा. बाहेर काढल्यावरही तो स्वतःच्या उष्णतेने शिजत राहतो, म्हणून हवा त्यापेक्षा एक छटा अलीकडेच थांबायचं. त्याच तेलात मंद आचेवर लसूण. कडा सोनेरी झाल्या की कढीपत्ता. त्याची तडतड थांबली म्हणजे पाणी गेलं. तोपर्यंत घाई नको.

आता गॅस बंद. हिंग, हळद घाला आणि तिखटासाठी दीड-दोन मिनिटं थांबा. चिमूटभर तिखट टाकून बघा: लगेच काळं पडून धूर आला तर तेल अजून तापलेलं आहे, हळू फेसाळून लाल राहिलं तर वेळ झाली. तेल फारच गार झालं तर मात्र तिखटाचा कच्चा वास शेवटपर्यंत जात नाही. तिखटासोबत धनेपूड आणि जिरेपूड घाला, लगेच चुरमुरे ओता आणि बारीक आचेवर चार-पाच मिनिटं खालून वर परता. एवढे चुरमुरे लहान कढईत मावत नाहीत. मोठं पातेलं नसेल तर दोन घाण्यांत करा, नाहीतर अर्धे लाल आणि अर्धे पांढरे राहतात.

मीठ बारीक दळून घाला, खडबडीत मीठ तळाशी जमतं. पिठीसाखर आणि सायट्रिक ॲसिड मात्र कढई उतरवून, हाताला कोमट लागेल इतकं निवल्यावर घाला. गरमात साखर विरघळते, गुठळ्या होतात, आणि ती हवेतली ओल ओढते. आंबटपणासाठी लिंबाचा रस अजिबात नको. शेंगदाणे सगळ्यात शेवटी मिसळा.

डबा भरायच्या आधी परातीत तासभर पसरून ठेवा. कोमट भडंगावर झाकण लावलं की वाफेचं पाणी परत खाली पडतं. डबा काठोकाठ भरा, कारण रिकाम्या जागेत हवाच असते. महिन्याचं एकदम करू नका. चुरमुऱ्याच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरलेलं तेल लवकर खवट होतं. पंधरा दिवसांत संपेल एवढंच करावं.

कांदा, कोथिंबीर, लिंबू हवं असेल तर ते खाणाऱ्याच्या वाटीत, प्रत्येकाने खायच्या क्षणी घ्यायचं. उन्हाळ्यात कैरीचे बारीक तुकडे त्याहून चांगले. सोबत तेलात परतून मीठ लावलेल्या हिरव्या मिरच्या.

डब्यातलं भडंग मऊ पडलंच तर ते फेकू नका. लसणाच्या पाकळ्या वेचून बाजूला काढा, कारण त्या दुसऱ्यांदा तापवल्या की करपतात. उरलेलं अगदी मंद आचेवर चार मिनिटं हलवा, परातीत निवू द्या आणि मग लसूण परत मिसळा. आच वाढवली तर आतली साखर जळते आणि वास सगळ्याला लागतो.