पार्सल परत पाठवणारा मतदारसंघ

आपल्याकडे बाहेरून आणून लादलेल्या उमेदवाराला ‘पार्सल’ म्हणतात. इथे ऑस्ट्रेलियात, पश्चिम सिडनीतल्या फाउलर या संसदेच्या मतदारसंघात २०२२ साली मजूर पक्षाने तसंच एक पार्सल धाडलं आणि मतदारांनी ते परत केलं. क्रिस्टिना केनेली म्हणजे न्यू साउथ वेल्सच्या माजी प्रीमियर, आपल्या हिशेबाने मुख्यमंत्रीच. पण राहायला शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, स्कॉटलंड आयलंडवर. तू ले या तरुण वकील बाईंचं नाव चर्चेत असताना तिकीट केनेलींना मिळालं. १९८४पासून हातची जागा, जाते कुठे! जिंकल्या दाई ले, अपक्ष.

साइगॉनचा जन्म, लहानपणीच आई-बहिणींबरोबर पलायन, निर्वासितांच्या छावण्या, १९७९मध्ये ऑस्ट्रेलिया. पुढे पत्रकारिता आणि फेअरफिल्डची नगरपालिका. मधे लिबरल पक्षातही होत्या, म्हणजे राजकारणात अगदीच नवख्या नव्हेत.

संसदेतल्या पहिल्या भाषणाला त्या आओ झाय हा व्हिएतनामी पोशाख घालून आल्या, त्यावर ऑस्ट्रेलियाचा झेंडा छापलेला. फोटो तुम्हीही पाहिला असेल. मला भाषण जास्त महत्त्वाचं वाटलं. २०२१च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या या भागात रात्रीची संचारबंदी होती, मदतीला लष्कर उतरलं होतं. समुद्रकाठच्या श्रीमंत उपनगरांना नियम सैल. हा राग त्यांनी थेट कॅनबेरात मांडला. त्याला कम्युनिस्ट राजवटीची उपमा देणं मला अतीच वाटलं, पण त्या राजवटीतून पळून आलेल्या बाईला ती सुचणारच.

बाकी खासदारकी झेंड्याच्या कपड्यांइतकी रंगीत नसते. कॅब्रामॅटात व्हिएतनामी आणि ख्मेर (कंबोडियाचे), फेअरफिल्डला इराकमधून आलेले असिरियन, लिव्हरपूलकडे अरबी बोलणारे आणि थोडेफार आपण. खासदाराच्या कार्यालयात यांची कामं ठरलेली: अडकलेला व्हिसा, थकलेलं पेन्शन, सेंटरलिंकचं, म्हणजे सरकारी भत्ते देणाऱ्या खात्याचं, न समजलेलं पत्र. नागरिकत्वाच्या शपथविधीला हजेरी लावायची ती वेगळीच. (मत फक्त नागरिकाला. मला अजून नाही, तरी मतं भरपूर आहेत.) मतदान सक्तीचं, पण मतपत्रिकेवर प्रत्येक उमेदवारापुढे पसंतीचा आकडा लिहावा लागतो, आकडे अर्धवट राहिले की मत बाद. इंग्रजी कच्चं असलेल्या या भागात अशी बाद मतं खूप निघतात. प्रतिनिधित्वाची पहिली गळती इथेच होते.

आणि अपक्षाचं बळ किती? दीडशे जणांच्या सभागृहात सरकार बहुमतात असलं, की तिच्या एका मताने काही अडत नाही. पक्षादेश नाही म्हणून बोलायची मोकळीक मात्र पुरेपूर.

२०२५मध्ये मजूर पक्षाने अखेर तू ले यांनाच उभं केलं. दोघीही व्हिएतनामी निर्वासितांच्या घरातल्या, त्यामुळे ‘आपल्यातली कोण’ हा प्रश्नच निकालात निघाला; घरभाडं आणि महागाईवर बोलणं दोघींना भाग पडलं. दाई ले पुन्हा निवडून आल्या.