शंकूचं टोक आणि मामाचा लेथ

गेल्या पावसाळ्यात तीन आठवडे मी प्रयोगशाळेत लेसरच्या एका लाल ठिपक्याच्या मागे होते. कॅमेऱ्यात ठिपका सुरेख दिसायचा, भोवती एकात एक बारीक कड्या. पण कॅमेरा रेलवर मागे सरकवला की तो मंद व्हायचा, आणखी थोडा सरकवला की पुन्हा उजळायचा. खरं तर त्याची उजळी हळूहळू वाढत जाऊन हळूहळू उतरायला हवी होती. मी लेसरला दोष दिला, रेलला दिला, कोल्हापूरच्या दमट हवेलाही दिला. भिंगावर मात्र संशय घेतला नाही, कारण प्रयोगशाळेतली सगळ्यात नवी वस्तू तीच होती.

ते भिंग म्हणजे ॲक्सिकॉन, शंकूच्या आकाराची काच. हे नाव मॅकलिऑड या शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये दिलं. आमच्या काचेचा उतार जेमतेम १ अंशाचा, त्यामुळे हातात घेतली तर सपाट चकतीच वाटते. साधं भिंग प्रकाश एका बिंदूत गोळा करतं, शंकू तो एका रेषेवर गोळा करतो. आमच्या हेलियम-निऑन लेसरचा किरण अडीच मिलिमीटर त्रिज्येपर्यंत रुंद करून त्यातून सोडला की मधला गाभा सुमारे ५४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा होतो आणि जवळजवळ २८ सेंटिमीटर तसाच राहतो. साध्या भिंगाने एवढाच बारीक ठिपका केला, तर तो चार मिलिमीटरच्या आतच फाकायला लागतो.

याला ‘विवर्तन न होणारा किरण’ म्हणतात, म्हणजे पुढे जाताना न फाकणारा. १९८७ मध्ये डर्निन, मिसेली आणि एबर्ली या शास्त्रज्ञांनी तो प्रयोगात दाखवला, तोही शंकूशिवाय. अडीच मिलिमीटर व्यासाची आणि १० मायक्रॉन रुंदीची कडीसारखी गोल फट भिंगाच्या नाभीत ठेवून त्यांनी हे साधलं. पण या नावामुळे विद्यार्थ्यांचा हमखास गैरसमज होतो. गाभ्यातला प्रकाश सुईसारखा सरळ पुढे जात नाही. तो तर सतत बाजूला निघून जात असतो, आणि त्याच्या जागी कड्यांमधून नवा प्रकाश आत येत असतो. गावच्या पालखीसारखं आहे हे. पालखी एकाच उंचीवर चाललेली दिसते, पण खांदे दर थोड्या अंतरावर बदलत असतात. शंकूच्या मधल्या भागातला प्रकाश जवळच खांदा देतो, कडेचा लांब जाऊन. बाजूच्या कड्या म्हणजे वाया गेलेला प्रकाश, असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. कड्या काढून टाका, गाभा लगेच विस्कटेल.

तर तो ठिपका. भिंगाला पितळी होल्डर हवा होता म्हणून उद्यमनगरात मामाच्या कारखान्यात गेले. त्याचा लेथ माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे. मी काच दाखवली, हात लावू नकोस म्हणाले. त्याने डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

“एक डिग्रीचा टेपर. टोकाला काय केलंय?”

“टोक आहे की.”

“टोक कधी खरं निघत नसतंय, पोरी. सेंटरला जॉब फिरतच नाही, टूल कापणार काय? बारका दाणा राहतोय, नाहीतर गोलवा येतोय.”

काच घासून पॉलिश करतात, लेथवर कापत नाहीत, असं मी म्हणणार होते. पण घासतानाही अगदी मध्यावर तीच अडचण येते. मी तिथेच स्टुलावर बसून गणित केलं. टोक गोलसर असेल तर तेवढा मधला भाग साध्या भिंगासारखं वागणार, त्याचा प्रकाश अक्षावरून पुढे जाणार आणि शंकूच्या प्रकाशाशी त्याचं व्यतिकरण होणार, म्हणजे दोघांच्या लहरी कुठे एकमेकींना उजळवणार, कुठे मंद करणार. दोन उजळ जागांमधलं अंतर यायला हवं १५.७ मिलिमीटर. माझ्या वहीत तीन आठवड्यांच्या नोंदी होत्या: १५, १६, १६, १५. मी मामाला वही दाखवली. त्याला काय कळलं माहीत नाही, पण त्याने चहा मागवला.

उपाय छिद्राचा. ॲक्सिकॉनच्या पुढे २०० मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग ठेवलं की त्याच्या नाभीत शंकूच्या प्रकाशाची ३.६ मिलिमीटर व्यासाची बारीक कडी उमटते, आणि टोकाचा चुकार प्रकाश मध्येच राहतो. म्हणजे मधला भाग झाकायचा. मी मामाला पितळी पत्र्यात कडीसारखी गोल फट पाडायला सांगितली. तो म्हणाला, मग आतली चकती कशावर राहणार? एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी त्याने पत्र्याला ४ मिलिमीटरचं भोक पाडून दिलं आणि ३ मिलिमीटरची चकती वेगळी कापली. ती मी काळी करून काचपट्टीवर डकवली. पुढे तशाच दुसऱ्या भिंगाने किरण पुन्हा जुळवला. चकती मध्यावर आणायला दोन दिवस गेले, कारण अर्धा मिलिमीटर सरकली तरी कडीची एक बाजू कापली जात होती. तिसऱ्या दिवशी कॅमेरा सरकवला आणि ठिपक्याची ती धडधड थांबली होती.

मग मामाला बोलावलं. वाटेत अर्धा मिलिमीटर जाडीची टाचणी धरली. तिच्या लगेच मागे गाभा गायब, पण तीन सेंटिमीटर पुढे पुन्हा हजर, कड्यांसकट. बाजूचे खांदे पुढे आले होते. मामाने टाचणी स्वतःच्या हातात घेतली आणि सहा-सात वेळा आडवी धरून पाहिली.

“यानं भोक पाडलं तर सरळ पडंल?”

पडतं. काचेत बारीक आणि खोल भोकं पाडायला हाच आकार वापरतात, पण त्यासाठी अतिशय आखूड स्पंदांचे जोरदार लेसर लागतात. आमच्या दोन मिलिवॅटने कागदही तापत नाही. तसं सांगितल्यावर तो थोडा हिरमुसला.

अजून एक काम बाकी आहे. शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये उजळी अजून थरथरते, आणि यावेळी संशय ॲक्सिकॉनच्या होल्डरच्या काठावर आहे. तो किरणाची कडा धारदार कापतो. भोक मोठं करून घ्यायला उद्या सकाळी उद्यमनगरात जाते आहे.